नियॉन टेट्रा एकेक करून जाताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मासे पाळण्यात मी अगदी नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

पुण्यात राहतो. ऑगस्टमध्ये दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक घेतला. आत पन्नासएक लिटर पाणी, स्पंज फिल्टर, तळाला काळे खडे आणि जावा फर्न. महिनाभर चिमूटभर खाद्य टाकत तो नुसताच चालवला, मग 12 नियॉन आणले. दिवाळीपर्यंत एकही दगावला नाही. सगळे एकगठ्ठा फिरायचे, लेक त्यांना ‘ट्यूबलाइटी’ म्हणते.

दिवाळीच्या साफसफाईत आईचं म्हणणं पडलं की सगळं घर लख्ख आणि यांच्याच काचेला शेवाळ का? झालं. मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतून दिलं, खडे गरम पाण्याने धुतले, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला. टँक असा चकाचक झाला की फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला! त्या दिवशी महापालिकेचं पाणी नव्हतं म्हणून टँकरचं, म्हणजे बोअरचं पाणी भरलं. अँटी-क्लोरीनचे थेंब मोजून घातले.

तिसऱ्या दिवशी एक मेला, पाचव्या दिवशी तीन. दुकानदाराने निळं औषध आणि मूठभर मीठ घालायला सांगितलं. मीठ राहून गेलं, औषध घातलं आणि त्याच रात्री आणखी दोन गेले. आता सहा उरलेत. वर येऊन तोंडं उघडझाप करतात, रंग उतरलाय, आणि सगळ्यात वाईट वाटतं ते म्हणजे थवाच मोडलाय. सहा जण सहा कोपऱ्यांत.

हाच तो ‘नियॉन टेट्रा डिसीज’ का? टँक परत रिकामा करून धुऊ का? लेक म्हणते उरलेल्यांना करमत नाहीये, आणखी सहा आणूया. आणि सकाळी दिवा लावल्या लावल्या मासे पार फिकट दिसतात, तेही आजाराचं लक्षण आहे का?

प्रतिसाद
अमोनिया मोजलात का? आधी तो सांगा, बाकी नंतर.

धागाकर्ता
आज किट आणून मोजला. अमोनिया 1, नायट्राइट 0.25, पीएच 8.

प्रतिसाद
मग रोग शोधत बसू नका, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. तुम्ही जो ‘मळ’ चोळून काढलात त्यातच ते होते. खड्यांवरचे गरम पाण्याने गेले, आणि निळं औषध मेथिलीन ब्लू असेल तर राहिलेसाहिले त्याने. वर बोअरचं पाणी, क्षारांनी जड आणि चढ्या पीएचचं. पीएच जितका चढा तितका तोच अमोनिया जास्त विषारी. नियॉन मुळात ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा. महापालिकेचं खडकवासला धरणाचं पाणी त्याला चाललं, बोअरचं एकदम अंगावर आलं.

टँक अजिबात धुऊ नका. रोज पाव भाग पाणी काढा आणि महापालिकेचं क्लोरीन काढलेलं पाणी हळूहळू भरा. एकदम सगळं बदललंत तर पुन्हा झटका बसेल. दोन दिवस उपास, मग अगदी चिमटीभर. एअर पंप जोरात ठेवा. औषध बंद, मीठही घालू नका. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांचा वापरलेला स्पंज मागा आणि ओला असतानाच आपल्या टँकमध्ये टाका. यापुढे स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, पांढरा करायचा नाही.

नियॉन डिसीजमध्ये अंगावर फिकट चट्टा येतो, पुढे पाठ वाकते. त्यावर औषध नाही. पण साफसफाईनंतर पाच-सहा दिवसांत निम्मे मासे जाणं ही त्याची चाल नव्हे. सकाळचा फिकेपणा नैसर्गिक आहे, अंधारात त्यांचा रंग उतरतो, थोड्या वेळात परत येतो. नवे मासे मात्र आत्ता नकोत. अमोनिया आणि नायट्राइट दोन-तीन आठवडे शून्यावर राहू द्या.

प्रतिसाद
वर्षभर टँकरवरच असाल तर नियॉनचा हट्ट सोडा. झेब्रा डॅनिओ आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, जड पाण्यातही मजेत राहतो. दिवसभर नुसता पळत असतो, लेकीला आवडेल.

धागाकर्ता
आभार! ऑफिसातल्या मित्राने स्पंज दिला, डब्यात पाणी घालून बसमधून आणला, शेजारच्या काकू संशयाने बघत होत्या. चार दिवस झाले, अमोनिया 0.25 वर आलाय. सहाही आहेत. आज संध्याकाळी चार जण फर्नमागे एकत्र दिसले, दोन अजून फटकून आहेत. आईला स्पंजला हात न लावण्याची ताकीद दिली आहे. ती म्हणते, ‘मग काच तरी पुसू का?’ पुसू द्यावी ना?

प्रतिसाद
बाहेरून खुशाल. आतून फक्त समोरची, साबण न लावता. बाकी तिन्ही बाजूंचं शेवाळ राहू द्या.