उंच सेंटर फॉरवर्ड: तुमच्या आठवणीतला 'लंबू' कोण?

नमस्कार मंडळी,

शनिवारी संध्याकाळी वोल्टेमाडेचा पहिला गोल पाहिला आणि तेव्हापासून एक पोरगा डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निक वोल्टेमाडे, जर्मन सेंटर फॉरवर्ड (सगळ्यात पुढे, गोल मारायला खेळतो तो), जन्म २००२ चा, उंची १.९८ मीटर. ऑगस्ट २०२५ संपता संपता इंग्लंडच्या न्यूकॅसलने त्याला जर्मनीच्या स्टुटगार्टकडून घेतला, क्लबने आजवर कोणासाठीच मोजली नव्हती एवढी रक्कम मोजून. आमचा गोल मारणारा इसाक लिव्हरपूलला चाललेला, आमच्यासारख्यांच्या जिवाला घोर. आणि हा आल्या आल्या वुल्व्ह्जविरुद्ध मर्फीने कडेने टाकलेल्या क्रॉसवर डोकं लावतो, आपण १-० जिंकतो! मी शिअररच्या वेळेपासून या क्लबचा. एवढ्या जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

पण मग जो तो म्हणून राहिला, "उंच आहे ना, हेड मारणारच." अरे, स्टुटगार्टमध्ये या पोराला 'वोल्टेमेस्सी' म्हणायचे, ते काय डोक्यामुळे? त्याचे पाय बघा. उंच माणसाचे पाय कोणी बघतच नाही, आणि हे मला एकदा जवळून कळलंय.

१९९८ चा पावसाळा. आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या क्लबात भंडाऱ्याकडचा एक मुलगा आला. सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच. सायकलची सीट शेवटच्या खाचेपर्यंत वर ओढलेली, तरी गुडघे हँडलला लागायचे. क्लबात नुसता आनंद, आपल्याला सेंटर फॉरवर्ड मिळाला! आमच्या शिकवणाऱ्या सरांनी मैदानाच्या कडेच्या लिंबाला दोरीने बॉल टांगला आणि याला रोज शंभर हेड मारायला लावले. सामन्यात आम्हाला एकच हुकूम: उचल आणि लंबूकडे टाक. पावसात भिजलेला तो जुना चामड्याचा बॉल, किलोभर जड झाल्यासारखा वाटायचा. तो कपाळावर घेऊन घेऊन त्याच्या केसांखाली शिवणीचा लाल वळ उठलेला मी पाहिलाय. सहा सामने झाले, गोल एकही नाही. लोक कडेने ओरडायचे. मीही ओरडलो, राईट आऊट (उजव्या कडेने पुढे खेळणारा) असून, मैदानातूनच: "एवढा उंच होऊन काय फायदा!"

एक दिवस सरावानंतर अंधारात तो एकटाच भिंतीवर बॉल मारत होता. डाव्या पायाने, बॉल जमिनीवरून, परत आलेला बॉल पायाच्या आतल्या बाजूने असा थांबवायचा की आवाजही होऊ नये. मी उभा राहून बघत राहिलो. एवढे सामने खेळलो, पण त्याला पायात बॉल मी एकदाही दिला नव्हता. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. मी शोधायला गेलो नाही, हे अजून लागतं.

तुमच्या टीममध्ये, तुमच्या आवडत्या क्लबात असा कोणी आला होता का? लिहा.

सदरवाली: पहिली! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. पण तो भिंतीवरच्या बॉलचा भाग वाचून घशात आलं दादा.

कामठीवाला: भाऊ, आमच्या कामठीत हे घरोघरी आहे. छावणी १८२१ ची, गोऱ्या पलटणीनं बॉल आणला अन् तो आमच्या पोट्ट्यांनी काही परत केला नाही. आमचे आजोबा सांगत, सोल्जर लोकं ताडमाड, आपले लोकं बुटके, म्हणून आपण खालून खेळाले शिकलो. छोटे पास, जमिनीवरून. म्हणून आमच्याकडे उंच पोट्टा आला की सगळ्यायची गडबड होते, त्याले कसं खेळवावं कळतच नाही. रब्बानी क्लबाच्या मॅचले लहानपणी बाबाच्या खांद्यावर बसून जायचो. एकदा एका उंच फॉरवर्डनं हेड न मारता छातीवर बॉल घेतला, खाली सोडला, अन् मागून येणाऱ्याले नुसता ढकलला. गोल दुसऱ्याचा लिहिला गेला. बाबा म्हणाले, "गोल कोणी केला ते पाहून घे बरं नीट." मी आठ वर्षांचा होतो. आता पन्नास चालू आहे, अजून तसंच पाहतो.

वायएनडब्ल्यूए_लक्ष्मीनगर: इसाकबद्दल क्षमा असावी 🙏 पण धागा आमच्या लिव्हरपूलच्या पीटर क्राऊचशिवाय पुरा होणारच नाही.

२००५, मी हॉस्टेलला. जुलैत साउदॅम्प्टनकडून ७० लाख पाउंडला घेतला, २.०१ मीटर. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. गोल नाही. नोव्हेंबरमध्ये पोर्ट्समथविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती याने घेतली, ती पण गोलकीपरने अडवली! मेसमध्ये दुसऱ्या क्लबांची पोरं ताटं वाजवायची. पण आमच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर लोक त्याच्या नावाने गात राहिले. कोच बेनिटेझ त्याला खेळवत राहिला. ३ डिसेंबर, विगन. पहिला गोल डिफेंडरला लागून उडाला, गोलकीपरच्या हाताला लागून आत गेला, कुणाचा धरायचा यावरून वाद. त्याच हाफमध्ये दुसरा मारला, गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद, त्यात वाद नव्हता. मी आणि माझा रूममेट मिठी मारून रडलो. चार महिने त्याच्यासाठी भांडत होतो ना आम्ही!

आणि पाय म्हणाल तर मार्च २००७, आर्सेनल. तीन गोल: एक डाव्या पायाने, एक डोक्याने, एक उजव्या पायाने. धागाकर्त्याने लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे.

मोतीबागचा गोली: हॉस्टेल कोणतं बे? व्हीएनआयटी?

वायएनडब्ल्यूए_लक्ष्मीनगर: नाही हो, मेडिकल चौकाजवळ खाजगी होतं. मेसची भाजी आठवली की अजून पोटात कालवतं.

मोतीबागचा गोली: मग रात्रीच्या मॅचनंतर सकाळी तर्री पोहे कुठे खायचे?

वायएनडब्ल्यूए_लक्ष्मीनगर: गेटसमोरच ठेला होता. तर्री दोनदा मागितली तरी काका काही बोलत नसत. क्राऊचच्या गोलच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना पण गोष्ट सांगितली. त्यांनी वरून चणे जास्त टाकले.

सदरवाली: आले परत. माझी लेक चौदा वर्षांची, पाच फूट नऊ. शाळेत फुटबॉलला नाव घातलं तर पहिल्याच दिवशी न विचारता गोलमध्ये उभी केली, उंच आहे म्हणून. तिला पुढे खेळायचंय. घरी येऊन बोलली नाही, दप्तर टाकून गच्चीवर गेली. मी काय करू? मला खेळातलं फार कळत नाही, पण तिचा चेहरा कळतो.

पीटीवाले सर: ताई, एकवीस वर्षं मुलं-मुली शिकवतोय, म्हणून लिहितो.

उंच मुलीला पुढे खेळवायचं तर तिला पाठीवर बॅक (समोरच्या टीमची अडवणारी) घेऊन बॉल धरायला शिकवावं लागतं. गोलकडे पाठ, गुडघे थोडे वाकलेले, हात पसरून अंगाची भिंत करायची, बॉल लांबच्या पायावर. तिने तीन सेकंद धरला की बाकीच्या पुढे धावतात. सगळ्या खेळाचा श्वास त्या तीन सेकंदांत आहे. ज्यांना हे कळत नाही ते फक्त गोल मोजतात. जिरू २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सचा सेंटर फॉरवर्ड होता, अख्ख्या स्पर्धेत गोलवर एकही शॉट नाही, आणि फ्रान्स जगज्जेता! २०२४ मध्ये फ्रान्सकडून निवृत्त झाला तेव्हा देशाकडून सर्वात जास्त गोलही त्याचेच होते, ५७.

दुसरं, हे नीट वाचा. या वयात हाडं भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात. गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला उंचवटा येऊन दुखत असेल तर "आळस करते" म्हणू नका. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, उड्या काही दिवस कमी करा. अशी कितीतरी मुलं 'जड आहे, पळत नाही' म्हणून बाहेर बसवलेली मी पाहिलीत. धागाकर्त्याच्या त्या मुलालाही कदाचित तेच असेल, सतराव्या वर्षी सहा-तीन म्हणजे बघा.

आणि लिंबाला बॉल टांगून रोज शंभर हेड? आता कोणी करू नये. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग करू देऊ नका असं त्यांच्या असोसिएशननेच सांगितलंय. थोडे हेड, हलका बॉल, डोळे उघडे, मान ताठ. बस.

सदरवाली: सर, मनापासून आभार. गुडघा दुखतो म्हणत होती, मी तेल लावून दिलं. उद्याच नंबर लावते.

रेड डेव्हिल जरीपटका: आमच्या मँचेस्टर युनायटेडकडे शेश्को आलाय लाइपझिगहून, १.९५ मीटर. त्याला वेळ द्या एवढंच म्हणणं आहे. ऑफिसला निघालो, रात्री लिहितो.

कामठीवाला: गुडघ्याचं वाचून आमचा चुलतभाऊ आठवला. त्याले सगळे लंगड्या म्हणत. काहून म्हणत होते बा आपण असं…

इतवारीचा डॉर्टमुंड: कोलर! कोणीच कसं नाव घेतलं नाही? यान कोलर, २.०२ मीटर, चेक. नोव्हेंबर २००२, बायर्नविरुद्ध. गोल करून बसलेला, मग आमचा गोलकीपर लेमान रेड कार्ड घेऊन बाहेर, बदली खेळाडू संपलेले. कोलरने हातमोजे चढवले आणि गोलमध्ये उभा राहिला, उरलेल्या वेळात एकही गोल खाल्ला नाही. लहानपणी तो गोलकीपरच होता. सामना हरलो आम्ही २-१, पण त्या दिवशी मी या क्लबाचा झालो. हरलेल्या सामन्यात माणूस क्लबाचा होतो, माझा अनुभव.

सदरवाली ताई, लेकीला ही गोष्ट सांगा. दोन्ही जागा येणारी माणसं असतात. पण तिला पुढे खेळायचंय तर पुढेच खेळू द्या.

मोतीबागचा गोली: गोलीच्या नात्याने एक बोलू? मला उंच फॉरवर्डची भीती कधी वाटली नाही, तो दिसतो. भीती बुटक्याची, तो दोन बॅकमधून कुठून उगवतो कळत नाही. आपला छेत्री १.७० चा, मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध शिलाँगला देशाकडून ९५ वा गोल, हेडर! उडी केव्हा मारायची ते कळलं पाहिजे, बस.

धरमपेठचा आजोबा: सगळं वाचलं. बरं वाटलं. आमच्या काळी चुन्याच्या रेषा आम्हीच मारत असू. नातवाला दाखवतो.

धागाकर्ता: सर, तुम्ही गुडघ्याचं लिहिलंत आणि मी मोबाईल बाजूला ठेवून जरा वेळ बसलो. तो सरावानंतर खरोखरच पायरीवर बसून गुडघे दाबायचा. आम्हाला वाटायचं दमला.

कामठीवाले भाऊ, तुमचा भंडारा-मौद्याकडे फुटबॉलवाल्यांशी संबंध आहे का? १९९८-९९, डावखुरा, सहा-तीन. नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला खाजगीत पाठवतो.

कामठीवाला: पाठवा ना. मौद्याले माझा साळा राहते. विचारून पाहतो, पण भाऊ, सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली, लगेच काही सांगू नाही शकत.

रेड डेव्हिल जरीपटका: आलो. लिहायला बसलो अन् लाईट गेली. उद्या नक्की.

सदरवाली: अजून एक विचारू का, विषय थोडा वेगळा आहे. लेकीला खिळ्याचे बूट घ्यायचेत, पाय मोठा आहे, बर्डीच्या बाजारात मुलींच्या मापात मिळाला नाही.

पीटीवाले सर: मुलांच्या मापात घ्या, काही फरक नाही. संध्याकाळी, खेळून आल्यावर कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखून घ्या, दोन्ही पाय, मोजे घालून. तो कागद दुकानात न्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, जास्त नको, "वाढतं वय आहे" म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका.

सदरवाली: आत्ताच आखला. डावा थोडा मोठा निघाला.