अनुभव धागा : स्पेनमधल्या ब्रिटिश आणि द्वैभाषिक शाळा

स्पेनला बदली झाली की घरात घराआधी शाळेची चर्चा सुरू होते. गेल्या उन्हाळ्यापासून ओळखीतल्या चार घरांतून मला एकच फोन आला, "स्पॅनिश येत नाही, मग पोरांना ब्रिटिश शाळेतच घालायचं ना?" दर वेळी मी माझ्या एका मुलावरून उत्तर दिलं आणि फोन ठेवल्यावर वाटत राहिलं की एका घराचं उत्तर दुसऱ्या घराला पुरत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

नवीन येणाऱ्यांसाठी आधी थोडी माहिती. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे खासगी ब्रिटिश शाळा. तिथे इंग्लंडचा अभ्यासक्रम असतो, रिसेप्शनपासून इयर १३ पर्यंत. वाटेत सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा, शेवटी अठराव्या वर्षी ए-लेव्हल. ही परंपरा जुनी आहे, माद्रिदमधली ब्रिटिश कौन्सिलची (ब्रिटनच्या सांस्कृतिक संस्थेची) शाळा १९४० सालची. स्पॅनिश मुलंही शिकतात अशा परदेशी शाळांना १९९३ च्या सरकारी हुकमानुसार स्पॅनिश भाषा आणि संस्कृतीचे तास ठेवावे लागतात. दुसरा प्रकार सरकारी द्वैभाषिक शाळांचा. १९९६ मध्ये स्पेनचं शिक्षण खातं आणि ब्रिटिश कौन्सिल यांचा करार झाला आणि ४३ सरकारी शाळांत लहान वर्गांपासून इंग्रजी-स्पॅनिश असा जोड अभ्यासक्रम सुरू झाला. माद्रिद प्रांतानं २००४ मध्ये २६ शाळांत स्वतःची वेगळी योजना आणली. तिथे फी नाही, काही विषय इंग्रजीत आणि उरलेला दिवस स्पॅनिशमध्ये.

लिहिताना शहर, मूल आलं तेव्हाचं वय आणि घरची भाषा जरूर सांगा. शाळेचं नाव नको.

मालागाजवळ, खासगी ब्रिटिश शाळा

मुलगी सहा वर्षांची होती. नाशिकला इंग्रजी माध्यमात होती, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच रुळली. वर्गात ब्रिटिश, डच, स्वीडिश आणि थोडी स्पॅनिश मुलं. स्पॅनिशचे तास होते, पण परदेशी मुलांचा गट वेगळा बसायचा आणि मधल्या सुट्टीत सगळी इंग्रजीतच खेळायची. आम्ही राहायचो त्या वसाहतीतही शेजारी बहुतेक इंग्रजच.

तीन वर्षांनी एकदा पाव आणायला गेलो असताना दुकानातल्या आजींनी तिला विचारलं, "क्वांतोस आन्योस तिएनेस?" वय किती, एवढंच. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीन वर्षं ज्या गावाचं पाणी प्यायली, तिथल्या आजीला तिला स्वतःचं वय सांगता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळा बदलली नाही. शाळा चांगलीच होती, वाचनाची गोडी तिनंच लावली. आम्ही घर बदललं. गावात, चौकाजवळ भाड्यानं घर घेतलं आणि तिला नगरपालिकेच्या पोहण्याच्या वर्गात घातलं. तिथे इंग्रजी बोलणारं कोणी नव्हतं. सहा महिने ती जवळजवळ गप्पच असायची. मग एका संध्याकाळी खालच्या चौकातून तिचा आवाज आला, दोरीच्या उड्यांवरून भांडत होती, पूर्ण स्पॅनिश वाक्यांत. मी गॅस बंद करून खिडकीत जाऊन ऐकत उभी राहिले.

मला कोणी विचारलं तर एवढंच सांगते की शाळा इंग्रजी घेणार असाल तर घर स्पॅनिश गल्लीत घ्या.

माद्रिद, सरकारी द्वैभाषिक शाळा

आम्हाला ब्रिटिश शाळेची फी परवडणारी नव्हती. नुसती फी नसते, प्रवेशाचे पैसे, जेवण, बस, गणवेश सगळं वेगळं. म्हणून घराजवळची सरकारी शाळा. धाकटा चार वर्षांचा, थोरली नऊची. घरी मराठी. अर्ज वसंतात भरावे लागतात आणि त्याआधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद, म्हणजे एम्पाद्रोनामिएंतो, झालेली हवी, कारण घर जवळ असण्याचे गुण मिळतात. हे आधी करून ठेवा.

धाकट्याचं सोपं गेलं. स्पॅनिशमध्ये लिहिलंय तसंच वाचायचं असतं, आपल्या देवनागरीसारखं. शिवाय तिथला त आणि द आपल्याइतकाच दाताला लागणारा. बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं की याचे उच्चार इथल्या मुलासारखे आहेत. अडलं ते इंग्रजीत. कित्येक महिने तो इंग्रजी शब्द स्पॅनिश हिशेबानं लिहायचा, कारण 'E' हे अक्षर इंग्रजीच्या तासाला ई आणि स्पॅनिशच्या तासाला ए. घाबरू नका, दुसरीपर्यंत दोन्ही आपापल्या कप्प्यात जातात.

थोरलीला मात्र वर्षभर फार जड गेलं. इंग्रजी तिला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं, त्यामुळे विज्ञानात पहिली, आणि भाषेच्या तासाला कोरी पाटी. माद्रिदमध्ये नव्यानं आलेल्या मुलांसाठी काही शाळांत 'आउला दे एनलासे' नावाचा जोडवर्ग असतो, तिथे आधी स्पॅनिशच शिकवतात. मोठं मूल आणत असाल तर तो कुठल्या शाळेत आहे याची चौकशी करा. आम्ही केली नाही, आणि ते वर्ष तिनं काढलं. अजूनही त्याचं मला वाईट वाटतं.

विज्ञान इंग्रजीत शिकवण्याबद्दल इथल्या स्पॅनिश पालकांतही बराच वाद आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. धाकट्यानं बेडकाचं जीवनचक्र इंग्रजीत घोकलं होतं. शेजारच्या आजोबांबरोबर तळ्यावर गेला, पाण्यात बेडूकमासे दिसले, आणि त्याला स्पॅनिश शब्दच सापडेना. आजोबांनी सांगितला, 'रेनाक्वाहो'. बेडूकमासा हा शब्द त्याला येत होता, कारण माझ्या आईनं व्हिडिओ कॉलवर शिकवला होता. म्हणजे शाळेतली स्पॅनिश सोडून दोन भाषांत ती वस्तू त्याच्याकडे होती.

गणितात भागाकाराची मांडणी वेगळी असते. भाजक उजवीकडे चौकटीत आणि भागाकार त्याच्या खाली. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. घरी आपल्या पद्धतीनं शिकवायला जाऊ नका, आधी पोरांकडून शिकून घ्या.

आणि जेवण! आम्ही 'कार्ने नको', म्हणजे मांस नको, असं लिहून दिलं. पहिल्या आठवड्यात धाकट्याच्या ताटात ट्यूना, दुसऱ्या आठवड्यात मसुरीच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. स्वयंपाकघराच्या हिशेबी मासा म्हणजे मांस नव्हे, आणि आमटीतला तुकडा बाजूला काढला की झालं. मग मांस, मासे, हाम, चोरिसो, सगळं एकेक करून कागदावर लिहून दिलं. तेव्हापासून तक्रार नाही.

बार्सिलोना

थोडक्यात लिहितो. इथे सरकारी शाळेची मुख्य भाषा कातालान, म्हणजे इथली प्रांतिक भाषा, आहे, म्हणजे मराठी, इंग्रजी, स्पॅनिश आणि कातालान अशा चार भाषा. आम्ही फार धास्तावलो होतो. मुलगा पाचव्या वर्षी आला, आज दहा वर्षांचा आहे, चारही बोलतो. मराठी लिहिता येत नाही, त्याला आम्ही जबाबदार. दोनच वर्षांसाठी येणार असाल तर ब्रिटिश शाळा बघा. राहायचं असेल तर भाषांना भिऊ नका.

सेविया (सेव्हिल)

नवरा विमान उद्योगात. आपल्या हवाई दलाची पहिली १६ सी-२९५ मालवाहू विमानं इथेच बांधली गेली, त्या काळात आम्ही आलो. मुदत ठरलेली होती आणि नंतर भारतात परतायचं होतं, म्हणून ब्रिटिश शाळा. तो निर्णय आमच्यासाठी बरोबर ठरला.

दोन गोष्टी सांगते. पहिली वयाची. इंग्लंडचा वर्ग १ सप्टेंबरला कापतात, स्पेनचा १ जानेवारीला. आमचा मुलगा नोव्हेंबरचा. ब्रिटिश शाळेत तो वर्गातल्या सगळ्यांत मोठ्यांपैकी. स्पॅनिश शाळेत गेला असता तर एक इयत्ता पुढे आणि वर्गात सगळ्यांत लहानांपैकी. सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या मुलांच्या आईवडिलांनी शाळा बदलण्याआधी हा हिशेब मांडून बघावा.

दुसरी नावाची. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, बहुधा पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. आपलं मधलं नाव वडिलांचं. एका फॉर्मवर ते पहिलं आडनाव झालं, दुसऱ्यावर मुलाच्या नावालाच जोडलं गेलं. एकाच मुलाचे दोन दाखले, दोन नावांचे. ते दुरुस्त करायला चार महिने गेले.

धागाकर्ती : नावाचं आमच्याही घरी झालं. पहिल्या दिवसापासून सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, आणि कारकुनासमोर बसून वाचून घ्या.

पुण्याला परतलेले

मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही माद्रिदहून परत आलो. आठ वर्षं ब्रिटिश शाळा, इंग्रजी-स्पॅनिश उत्तम. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, आणि याला मुळाक्षरांपासून सुरुवात. घरी बोलायचा सगळं, पण वाचता येत नव्हतं. वर्गात हळूहळू वाचताना मुलं हसायची, तो घरी येऊन दार लावून बसायचा. त्याच्या मावशीनं रोज एक तास दिला, किराणाच्या याद्या, दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रातले क्रिकेटचे मथळे. वर्षभरात वाचू लागला. हेच आम्ही माद्रिदमध्ये रविवारी एक तास केलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं. जे अजून तिकडे आहेत त्यांना मनापासून विनंती, रविवारचा तो तास सोडू नका.

बालेन्सिया (व्हॅलेन्सिया), वय १९

आईबाबांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. मी रिसेप्शनपासून इयर १३ पर्यंत ब्रिटिश शाळेत होते. आता इथल्याच सरकारी विद्यापीठात आहे. ए-लेव्हलला गणित, भौतिकशास्त्र आणि स्पॅनिश घेतलं होतं. सरकारी विद्यापीठासाठी यूनेडकडून, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय दूरशिक्षण विद्यापीठाकडून, गुणांचं प्रमाणपत्र लागतं. त्यावरचे गुण १० पैकी असतात, वाढवायचे तर विषयांच्या वेगळ्या परीक्षा देता येतात आणि बेरीज १४ पर्यंत जाते. ए-लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्यात, आणि इथले अर्ज जून-जुलैत. म्हणून इयर १२ मध्येच शाळेत जाऊन विचारा, वाट बघू नका.

विद्यापीठात पहिले महिने अवघड गेले. स्पॅनिश बोलते सगळं, पण गणिताचे शब्द माझ्याकडे इंग्रजीत होते. मैत्रिणीनं तिच्या बाचियेरातोच्या, म्हणजे स्पॅनिश शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या, वह्या दिल्या, त्या मी उतरवून काढल्या.

सगळ्यांना आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. इथे शिक्षकांनाही 'तू' म्हणतात, नावानं हाक मारतात. शाळेत मी सर, मिस म्हणायचे. विद्यापीठात पहिल्या दिवशी पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांना 'तू' म्हणायला माझी जीभ वळेना, मी 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', म्हणाले. त्यांनी विचारलं, हे कुठून शिकलीस? मी म्हणाले, आमच्या घरी आजोबांना अहो-जाहो करतात. मग त्यांनी मला मराठीत 'तुम्ही' कसं म्हणतात ते फळ्यावर लिहायला सांगितलं. मी लिहिलं. 'म्ह' काढताना हात थोडा थरथरला, पण बरोबर आलं.