बरोक चित्रांमधली फळं: सगळीच प्रतीकं असतात का?

गौरी_भुसावळ
आर्टच्या थिअरी पेपरसाठी बरोक जानर पेंटिंग वाचतेय, म्हणजे 17व्या शतकातली रोजच्या जगण्याची चित्रं. नोट्समध्ये सगळीकडे तेच, द्राक्षं म्हणजे येशूचं रक्त, सफरचंद म्हणजे पाप, सडकं फळ म्हणजे मरण. पण म्युरिलो या स्पॅनिश चित्रकाराची ती दोन पोरं द्राक्षं आणि खरबूज खाताना बघितली की मला तर नुसती भूक दिसते. अर्थ कुठे लावायचा आणि कुठे थांबायचं, कोणी सांगाल का?

धुळ्याचे ड्रॉइंग सर
गौरीताई, भूक दिसते ना, मग तेच लिहा. ते चित्र साधारण 1645 ते 50 चं, स्पेनच्या सेव्हिल शहरातलं, आणि 1649 ला तिथे प्लेगने शहर निम्मं रिकामं केलं होतं. फाटके कपडे, मळलेले पाय, गालात कोंबलेलं खरबूज, तिथे येशूचं रक्त शोधत बसायची काही गरज नाही.

हॉलंडचं वेगळं आहे. तिथे याकोब काट्स नावाच्या कवीने द्राक्षाचा घड देठाला धरायचा असं लिहिलं, देठ म्हणजे लग्न आणि घड म्हणजे मुलीचं शील, म्हणून तिकडच्या फॅमिली पोर्ट्रेटमध्ये घड देठाने धरलेला दिसला तर तो मुद्दाम धरलाय असं समजायला आधार आहे. डच चित्रकार व्हर्मीरची खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी घ्या, पुढे कलंडलेलं फळांचं ताट आणि त्यात कापलेला पीच, आतली कोय दिसतेय. मागच्या भिंतीवरचा क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव, नंतर कोणीतरी रंगाने झाकला होता, 2021 मध्ये साफ होऊन चित्र परत लोकांसमोर आलं, तेव्हा पत्र प्रेमाचं आहे या म्हणण्याला चांगलंच बळ मिळालं. थोडक्यात फळ एकटं वाचू नका, शेजारी काय ठेवलंय, हातात कसं धरलंय ते बघा.

केळीवाला_रावेर
मी शेतकरी माणूस, चित्रातलं जास्त कळत नाही पण इटलीच्या कॅरव्हाजोच्या चित्रातला तो फळांची टोपली धरलेला पोरगा मोबाईलवर झूम करून बघितला आणि बघतच राहिलो भाऊ, पानं वाळलेली, डागाळलेली, आपल्या बागेत करपा आल्यावर पान दिसतं तसं! हा माणूस बाजारात जाऊन खरी टोपली समोर ठेवून बसला असणार, मनाने काढून असे डाग येत नाहीत.

धुळ्याचे ड्रॉइंग सर
दादा, अगदी बरोबर पकडलं. अमेरिकेतले फलोद्यानशास्त्रज्ञ ज्यूल्स जॅनिक यांनी कॅरव्हाजोची फळं अशीच तपासलीत, बुरशीचे डाग, किडीने खाल्लेली जागा, सगळं. गौरीताई, हा मुद्दा पेपरात नक्की घ्या, डाग आधी खरा आहे, मरणाचा अर्थ त्याच्यानंतर येतो.

केळीवाला_रावेर
सर, एवढी फळं काढली मग केळं का नाही हो कुठे?

धुळ्याचे ड्रॉइंग सर
जहाजाच्या प्रवासात टिकणारं फळ नाही ते, तिकडच्या बाजारात येणार कुठून. पण अल्बर्ट एकहाउट नावाचा डच चित्रकार ब्राझीलला गेला होता, त्याचं 1641 चं तुपी, म्हणजे तिथल्या आदिवासी, बाईचं चित्र बघा, तिच्या शेजारी केळीचं झाड आहे, घडासकट.