उद्धृत, अवतरण आणि ‘स्वतःच्या शब्दांत’

प्रश्न : मुंबईतील एका महाविद्यालयात मी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पलेखन शिकवते. ‘उद्धृत’, ‘अवतरण’, ‘संदर्भ’ हे शब्द मुले एकमेकांच्या जागी वापरतात आणि ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असे सांगितले की मूळ लेखकाचे नावच गाळतात. या शब्दांच्या अर्थांतील सीमारेषा कशी समजावून सांगावी?

उत्तर : जसाच्या तसा घेतलेला मजकूर म्हणजे अवतरण आणि तो घेण्याची क्रिया म्हणजे उद्धृत करणे. (‘उधृत’ हे लेखन चुकीचे आहे, उद् आणि हृत यांच्या संधीतून ‘द्धृ’ येतो.) मजकूर कोठून घेतला हे लेखक, ग्रंथ, वर्ष, पृष्ठ यांसह सांगणे म्हणजे संदर्भ देणे. अवतरणाला संदर्भ लागतोच, परंतु अवतरण नसलेल्या मजकुरालाही तो लागू शकतो, आणि मुलांची गफलत होते ती नेमकी येथेच.

समजा, मुंबईतील गिरणी कामगारांच्या संपाविषयी एका अभ्यासकाने लिहिले आहे : ‘संप लांबत गेला तसा गिरणगावातील घरखर्चाचा भार स्त्रियांच्या मिळकतीवर येऊन पडला.’ विद्यार्थी लिहितो : ‘संप वाढत गेला तशी गिरणगावातील संसाराची जबाबदारी बायकांच्या कमाईवर आली.’ येथे शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला. हे धड अवतरणही नाही आणि स्वतंत्र मांडणीही नाही. त्याऐवजी ‘संपकाळात गिरणगावातील संसार स्त्रियांच्या कमाईने तगले, असे या अभ्यासकाचे प्रतिपादन आहे’ असे लिहून पृष्ठासह संदर्भ द्यावा, कारण शब्द विद्यार्थ्याचे असले तरी निष्कर्ष अभ्यासकाचा आहे. हा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला, या सर्वज्ञात माहितीला मात्र संदर्भाची गरज नाही.

पुरवणी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लेखनाशी असलेल्या दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणे साम्यात धरली जात नाहीत. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी केवळ टक्केवारीकडे पाहतात. पण साम्य शोधणारी संगणकप्रणाली प्रामुख्याने शब्दांची जुळणी पाहते, आणि उसना घेतलेला विचार नव्या शब्दांत मांडला की तो तिच्या नजरेतून सहज सुटतो. म्हणून मी वर्गात ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असे न म्हणता ‘लेखकाचा आशय सांगा’ असे म्हणतो. मग कोणत्या लेखकाचा, हे विद्यार्थ्याला लिहावेच लागते.