अनुभव लिहा: फ्लिंडर्स रेंजेस, दक्षिण ऑस्ट्रेलिया

ॲडलेडहून उत्तरेला साधारण ४३० किलोमीटरवर फ्लिंडर्स रेंजेसमधलं विल्पेना पाउंड आहे, डोंगरांनी वेढलेलं वाडग्यासारखं खोरं. आपली मंडळी उलुरूला आवर्जून जातात, पण फ्लिंडर्सचं नाव फारसं निघत नाही. जाऊन आलेल्यांनी लिहा ना. सुरुवात मी करते.

विल्पेनाचा सेंट मेरी पीक ११७१ मीटर, या रांगेतला सर्वात उंच. इथले मूळ रहिवासी अद्न्यामथना लोक विनंती करतात की टँडेरा खिंडीपर्यंत या, माथ्यावर जाऊ नका. त्यांच्या कथेत पाउंडच्या भिंती म्हणजे दोन अजस्र सर्प आणि हे शिखर म्हणजे त्यातल्या एकाचं डोकं. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला माथा सोडून परतणं जड जातं, तरी आम्ही खिंडीतूनच परत फिरलो आणि ते योग्यच वाटतं.

*

ब्राचिना घळ चुकवू नका! वीसेक किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर खडकांच्या वयाच्या पाट्या आहेत. एनोरामा ओढ्याच्या काठी खडकात कांस्याची चकती ठोकलीय. एडियाकरन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भूवैज्ञानिक कालखंडाची सुरुवात जगभर या जागेवरून मोजतात, २००४ पासून. खाली हिमयुगातला लालसर गाळ, त्यावर फिकट डोलोमाइट, चुनखडीसारखा खडक. बोट ठेवता येईल इतकी स्पष्ट रेघ. याच डोंगररांगांत १९४६ साली भूवैज्ञानिक रेग स्प्रिगला त्या काळातल्या जिवांचे जेलीफिशसारखे ठसे सापडले होते. ब्राचिनातच समोरच्या दरडीवर पिवळ्या पायांची रॉक वॉलबी (छोट्या कांगारूसारखा प्राणी) बसली होती, शेपटीवर पट्टे. मुलं हलायला तयार नव्हती.

*

उत्तरेला बेल्टाना गाव आहे, आता जवळपास ओस. १८६६ च्या सुमारास टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभराहून जास्त उंट आणि उंटवाले आणले, पुढे बेल्टानाला उंटांची पैदास झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात! सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत आपल्याकडचेही होते. त्यांच्याबद्दल आणखी वाचलं पाहिजे.

*

आईबाबा येणार आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. जमेल का?

*

नक्की जमेल. बुनयेरूचा रस्ता आणि रेझरबॅक लुकआउट गाडीतूनच होतं. मे ते सप्टेंबरमध्ये न्या, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाऊस झाला असेल तर रस्ते उघडे आहेत का ते आधी बघा, कारण ते ओढ्यांच्या पात्रातूनच जातात. हॉकर गावात टाकी फुल करा. पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असंही नाही. आणि तिन्हीसांजेला गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात.