इमारतीनं माणूस बरा होतो का?

पाटणकर_मिलिंद: अमेरिकेतल्या जुन्या मेंटल हॉस्पिटलांना सगळे भुताटकीचे बंगले करून टाकतात, पण किर्कब्राइड या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरचा प्लॅन बघा. मधे ऑफिस, दोन्ही अंगांना वॉर्ड, आणि प्रत्येक वॉर्ड आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकवलेला, म्हणजे कुणाचा उजेड-वारा अडत नाही. पेशंट जास्तीत जास्त २५०. पहिलं १८४८ ला ट्रेंटनला उघडलं, त्याआधी ही माणसं तुरुंगात सडत होती हो! पुढं याच प्लॅनच्या ग्रेस्टोनसारख्या हॉस्पिटलात १९५३ पर्यंत सात हजारांवर पेशंट कोंबले, त्याला प्लॅन काय करणार?

सुलभा_के: मिलिंदराव, उजेड दिसला, वॉर्डांचा क्रम नाही दिसला? शांत पेशंट ऑफिसजवळ, आरडाओरडा करणारे पार टोकाला. म्हणजे भिंतीच सांगणार तू किती बिघडलायस ते. आणि गावाबाहेर एवढा राजवाडा बांधला की सरकार तो भरणारच, रिकामा कोण ठेवतंय.

पाटणकर_मिलिंद: अहो ताई, टोकाला ठेवायचे कारण बाकीच्यांना झोप लागावी. व्हिएन्नाचा नारेनटुर्म, म्हणजे वेड्यांचा मनोरा, बघा मग, १७८४ चा, गोल, पाच मजले, १३९ कोठड्या. लोक त्याला गुगलहुप्फ म्हणायचे, तिकडचा गोल केक असतो ना तो. त्याच्यापुढं किर्कब्राइड देवमाणूस.

नुसता_वाचक: नारेनटुर्मपुढं कुणीही देवमाणूसच ठरेल 😄 इटलीतल्या त्रिएस्तचं कुणी बोलत नाहीये. १९७३ ला तिथल्या डॉक्टर बासाग्लियाच्या मेंटल हॉस्पिटलात पेशंट आणि कलाकारांनी मिळून मोठ्ठा निळा घोडा केला, लाकूड नि कागदाच्या लगद्याचा, मिरवणुकीनं गावात न्यायचा तर दारातून जाईना, शेवटी दार फोडून काढला. पाच वर्षांत इटलीत कायदा आला, नवीन मेंटल हॉस्पिटल बांधायचंच नाही.

पाटणकर_मिलिंद: आणि घरी सांभाळणारं कुणी नसेल तर?

सुलभा_के: हे मात्र खरंय. माझ्या मावशीला एका ठिकाणी ठेवलेलं (नाव नको), खिडकी इतकी उंच की बाई दिवसभर आभाळाचा एक तुकडा बघायची. घरी आणली तर सांभाळायला मामी एकटी. बाकी आपल्याकडं 'ठाण्याला पाठवा' ही शिवी झालीय, ती कुठला आर्किटेक्ट पुसणार?

नुसता_वाचक: खिडकी खाली घेतली असती तर?

सुलभा_के: मावशी रस्त्यावरच्या फुलवाल्याला हाका मारत बसली असती. मला चाललं असतं.