घरात अहिंसा आणि सरहद्दीवर 'घुसून मारा' : हे एकत्र जमतं का?

दुधनाकाठ (सेलू)
सरळ मुद्द्यावर येतो. माणसाने माणसावर हात उचलू नये, हे घरात, शाळेत, शेतात आपण आता निदान तोंडाने तरी मान्य करतो. शाळेत पोरांना मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. बायकोला मारणं हा काही घरातला मामला नाही, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सांगितलं. पण टीव्हीवर सरहद्दीचा विषय निघाला की हीच माणसं 'एकदाचं उडवूनच टाका' म्हणतात. तिथे वाटाघाटी म्हणजे नेभळटपणा, करार म्हणजे शेपूट घालणं.

माझ्या मते हे दोन कप्पे वेगळे नाहीतच. 'चार दिल्याशिवाय पोरगं सुधरत नाही' म्हणणारा बापच पुढे 'चार दिल्याशिवाय शेजारी देश सुधरत नाही' म्हणतो. आणि दोन्हीकडे हिशेब एकाच जागी चुकतो. मारणाऱ्याला वाटतं, मी ठरवीन त्यालाच लागेल आणि ठरवीन तेवढंच लागेल. तसं होत नाही. म्हणून स्वतःच्या आयुष्यात मी पूर्ण नको म्हणतो आणि परराष्ट्र व्यवहारात धोरण म्हणून नको म्हणतो. भाबडा, गांधीवादी वगैरे म्हणून झालं की मुद्द्यावर बोला.

औसेकर
भाबडा नाही म्हणत, विसराळू म्हणतो. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला जाता ना? कशाचं असतं ते? मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं.

निजामाच्या राज्यात १९३८ पासून हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९४७ मध्ये दिल्लीने निजामाशी जैसे थे करार केला, वाटाघाटींवर वाटाघाटी केल्या. त्याच काळात आमच्याच लातूरचा वकील कासीम रझवी, त्याचे रझाकार गावं लुटत फिरत होते. लोक पोराबाळांसकट बार्शी-सोलापूरकडे पळाले. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात. ज्यांनी सत्याग्रह केले त्यांच्याच पोरांनी मग संस्थानाच्या सरहद्दीवर कॅम्प काढले, उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत शिरली, १७ ला निजामाने हात टेकले. अहिंसेला दहा वर्षं दिली होती, फौजेला पाच दिवस लागले.

दुधनाकाठ (सेलू)
झेंडावंदनाला जातो, दरवर्षी. फौज यायला नको होती असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण तुम्ही १७ तारखेला पुस्तक मिटता, मी १८ पासून पुढचं पान उलटा म्हणतो.

रझाकारांचा सूड म्हणून उस्मानाबाद (आताचं धाराशिव), नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे त्या फौजी कारवाईच्या, काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं गेली, असा तिचा अंदाज होता. काही ठिकाणी गणवेशातले लोकही त्यात सामील होते, असं ती म्हणते. अहवाल कैक वर्षं दडपून ठेवला, का ते समजून घ्या. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतःचे जीव घालवून. आपल्या मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे विणकर कधी येतात का?

फौजेचं काम पाच दिवसांत आटोपलं, पण हिंसा तेवढ्यावर आटोपली नाही. मी म्हणतो तो हिशेब हाच.

औसेकर
आणि त्याआधी रझाकारांनी मारलेल्यांची मोजदाद करायला कोणती समिती आली होती? कत्तल चूकच, त्यावर वाद नाही. पण ती फौज आली म्हणून झाली असं नाही, गावोगाव निजामाचा अंमल गेला आणि दुसरा जागेवर यायला वेळ लागला म्हणून झाली. फौज उशिरा आली हा माझा आक्षेप आहे. वर्षभर आधी आली असती तर एवढा सूड साठलाच नसता.

मपला_बांध (गेवराई)
सेलूचे मास्तर, इतिहासाचं मला काही कळत नाही, बांधाचं सांगतो. शेजारी दरसाल नांगरताना ट्रॅक्टर बांधाला घासून नेतो आन येक येक तास, म्हंजी नांगराची येक वळ, खातो. मी धाकला व्हतो तवा त्या बांधावरून बैलगाडी जायची, आता माणूस नीट चालंना. मोजणी आणली, फी भरली, मोजणीवाल्याने खुणा दिल्या, दगड रोवले. आठ दिसात दगड गायब. तलाठी म्हणतो तहसीलला जा, तहसीलवाले म्हणतात कोर्टात जा. मंग मी कामून गप बसू? मी आजवर कुणावर हात टाकला नाही. पर कुऱ्हाड वट्ट्यावर ठेवलेली आसती आन ती त्याला दिसती. म्हणून तर तो येकच तास खातो, दोन खात नाही.

उदगीर_फौजी
गेवराईच्या पाटलांनी जे सांगितलं त्यावर दिल्लीत जाडजूड पुस्तकं निघतात. आपलं अण्वस्त्र धोरणही त्याच वट्ट्यावर बसलेलं आहे: पहिला वार आम्ही करणार नाही, पण हत्यार आहे हे दिसू द्या.

खुणेच्या दगडांचंही ऐका. चीनबरोबर १९९६ चा करार आहे, ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडायची नाही. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले ते दगड आणि दांडक्यांच्या मारामारीत. बंदुका होत्या, झाडल्या नाहीत. मास्तर म्हणतील, करार होता म्हणून युद्ध पेटलं नाही. औसेकर म्हणतील, करार पाळत बसलो म्हणून पोरं गेली. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे, आणि एकाला दुसऱ्याने खोडता येत नाही.

टपरीवरच्या 'घुसून मारा'ला मात्र मीही वैतागलोय. मी तोफखान्यात होतो. तोफेवरच्या माणसाला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. पुढे बसलेला निरीक्षक वायरलेसवर सांगतो, डावीकडे दोनशे, पुढे शंभर. त्याप्रमाणे तोफ वळवायची. तिकडे कोण होतं हे त्या आकड्यांत नसतं. टपरीवाल्यांना तर आकडेही माहीत नसतात.

पण मास्तर, १९७१ ला काय करायचं होतं? पूर्व पाकिस्तानातून कोटभर निर्वासित आले. इंदिराबाई युरोप-अमेरिका फिरून आल्या, कोणी ढिम्म हललं नाही.

दुधनाकाठ (सेलू)
१९७१ ला माझ्याजवळ सोपं उत्तर नाही, आणि ते आहे असं सोंगही आणत नाही. फक्त एवढं, की ९३ हजार कैद्यांना आपण पुढे सहीसलामत परत पाठवलं. त्यावरून इंदिराबाईंना अजून नावं ठेवणारे लोक आहेत. त्या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच वाटतो.

रानजाई (अंबाजोगाई)
या धाग्यात बायका आल्या त्या एका कायद्याच्या नावापुरत्या. म्हणून लिहिते.

'हिंसा नको' हे वाक्य मी सगळ्यात जास्त कुठे ऐकलं असेल, तर मार खाणाऱ्या बाईला समजावताना. तू उलट बोलू नको, तो आपोआप शांत होईल. मी अशा बायकांबरोबर कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाते. मारहाण कधी झाली ते लिहायचं म्हटलं की बाई माझ्याकडे बघते, "ताई, कोणती तारीख लिहू?" ठाण्यात गेलं तर घरातलं घरात मिटवा. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम निघाली, हेतू चांगला होता. पण गावाला बक्षीस मिळावं म्हणून बायकांच्या तक्रारी पारावरच दाबलेल्या मी पाहिल्यात. कागदावर तंटा मिटला, मार चालूच. देशांचंही तसंच दिसतं. शांत राहा म्हणून आधी सांगितलं जातं ते मार खाणाऱ्यालाच. युक्रेनला नाही का सांगत, जमीन सोडा आणि मिटवा?

आणि मास्तर, तुमच्या त्या २००५ च्या कायद्यामागे शेवटी पोलीसच उभा आहे. संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, म्हणून त्या कागदाला थोडी तरी किंमत. ती सक्ती काढून टाका आणि मग मला अहिंसा शिकवा.

दुधनाकाठ (सेलू)
ताई, हा आक्षेप धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे. बाईने सोसावं असं माझं म्हणणं मुळीच नाही. स्वतःला वाचवायला तिने जे करावं लागेल ते करावं.

पोलिसाच्या सक्तीत आणि सूडात मी फरक करतो. पोलिसाला आधी लिहिलेला नियम असतो आणि त्याच्या डोक्यावर न्यायालय असतं. देशांच्या डोक्यावर तसं कोणी नाही, खरी अडचण तिथे आहे. निजामसुद्धा १९४८ च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेकडे गेला होता. परिषदेत विषय निघाला १६ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी विषयच उरला नव्हता.

औसेकर
वा! म्हणजे जगाला न्यायालय मिळेपर्यंत आम्ही थांबायचं.

मिलिंद_परिसर (छ. संभाजीनगर)
मराठवाड्यात बसून हिंसा-अहिंसेवर एवढी चर्चा झाली आणि मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर कुणाला आठवलं नाही. आश्चर्य वाटलं नाही.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाडाभर आमच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग. घराला घर जाळून उत्तर दिलं नाही. पण याला कुणी अहिंसेची महान परंपरा वगैरे म्हणून हार घालायला येऊ नका. गावात वीस घरं आमची आणि तीनशे त्यांची. जाळून उत्तर दिलं असतं तर सांगायला कोणी उरलं नसतं. त्यात शहाणपण होतं, आणि राज्यघटनेचा आधार होता. ज्याच्याकडे दोन्ही मार्ग मोकळे आहेत त्याने अहिंसा निवडली तर तिचं कौतुक करा.

परराष्ट्र धोरणाचं म्हणाल, तर बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हेही एक होतं. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले सुमारे एकशे ऐंशी कोटी फौजेवर जातात, कारण आपल्याला मित्र नाहीत, असा त्यांचा रोख होता. फौज मोडा असं ते म्हणाले नाहीत. एवढ्या फौजेची गरजच पडू नये असं धोरण ठेवा, असा मी त्याचा अर्थ घेतो. मास्तरांनी इथून सुरुवात केली असती तर निम्मा वाद वाचला असता.

औसेकर
बाबासाहेबांना मित्र हवे होते, ते संकटात उपयोगी पडावेत म्हणून. असो. मास्तर, जुनं सगळं बाजूला ठेवा. २२ एप्रिल २०२५. पहलगाम. २६ माणसं. तुम्ही काय केलं असतं? आडवळण नको.

दुधनाकाठ (सेलू)
मारणारे शोधले असते, त्यांना पोसणाऱ्यांचा पैसा अडवला असता, जगासमोर पुरावे मांडले असते. ७ मेचे हल्ले मी केले नसते, पण ते अड्ड्यांवर केले आणि १० तारखेला थांबवले, हे थांबणं मला महत्त्वाचं वाटतं. माझा खरा विरोध पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार स्थगित करण्याला आहे. १९६० चा तो करार १९६५, १९७१ आणि १९९९ अशा तीन लढायांतून टिकला होता.

वरच्या माणसाने पाणी अडवलं की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पैठणच्या जायकवाडी धरणासाठी आपण नगर-नाशिकची धरणं फोडायला गेलो नाही. २००५ चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा, मेंढेगिरी समिती, उच्च न्यायालय असं करत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठ्याचं सूत्र (जायकवाडीत त्याहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं) पदरात पाडून घेतलं. पाणी आलं त्या वर्षी आलं, नाही आलं त्या वर्षी पुन्हा भांडलो. हेच हत्यार आपण दुसऱ्यावर उगारायचं?

औसेकर
नाशिकवाले पैठणला अतिरेकी पाठवत नाहीत, मास्तर.

दुधनाकाठ (सेलू)
पाकिस्तानी पंजाबात गहू पेरणारा शेतकरी तरी कुठे पाठवतो? शिवाय ते सगळं पाणी अडवायला लागतील एवढी धरणं आज आपल्याकडे नाहीत. म्हणजे हातात उरते ती धमकीच.

औसेकर
मग धमकी तर धमकी. गेवराईच्या पाटलांची कुऱ्हाड वट्ट्यावर चालते, आणि दिल्लीची चालत नाही होय?

मपला_बांध (गेवराई)
मपल्या कुऱ्हाडीला दिल्लीत नेऊ नका बाबांनो. फेरमोजणीचा अर्ज टाकलाय, सायबानं हे वाचलं तर मलाच नोटीस यायची.